तिनं शपथ मोडली म्हणून मैत्रीण वाचली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात हॉस्टेलमधल्या एका मुलानं जीव दिल्याची बातमी तुमच्या पेपरात आली होती. कुठला मुलगा, कुठलं कॉलेज ते मी इथे परत लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना एकदा वाचावं लागलं तेवढं पुरे. पण मथळ्यातच त्यानं कसं केलं ते होतं, खाली 'नैराश्यातून टोकाचं पाऊल' एवढी एक ओळ, आणि बातमी संपली. मदतीचा एक नंबर सुद्धा नाही. त्या दिवशी सकाळी आमच्या मेसमध्ये चार मुली तो पेपर टेबलावर पसरून वाचत होत्या, आणि त्यातली एक अशी होती जिच्यासोबत मी एक अख्खी रात्र जिन्यात बसून काढलीये. तिनं पेपरची घडी घातली आणि न जेवता वर गेली. मी तिच्या मागे गेले. ती बरी आहे, बोललो आम्ही. पण तेव्हाच ठरवलं की पत्र लिहायचं.

मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात शिकवते आणि मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे. पुढे जे लिहिलंय ते त्या मुलीला आणि तिच्या रूममेटला वाचून दाखवलंय, दोघी हो म्हणाल्या म्हणूनच लिहितेय, आणि ओळख पटेल अशा दोनतीन गोष्टी मुद्दाम बदलल्यात.

नोव्हेंबरची रात्र होती. दीड वाजून गेला असेल, माझ्या क्वार्टरचं दार वाजलं. दारात एक मुलगी, अंगावर स्वेटर पण तिच्या मापाचा नाही, आणि हातात कॅल्क्युलेटर. रडत होती. पहिलं वाक्य काय बोलली तर "मॅडम, तिनं मला शपथ घातली होती, मी मोडली." मला आधी काही कळेना. मग एकेक करत सांगितलं. चारपाच दिवसांपासून रूममेट नीट झोपत नव्हती, जेवायला येत नव्हती, विचारलं की "डोकं गच्च झालंय" एवढंच. आदल्या दिवशी हिला म्हणाली, हे कॅल्क्युलेटर तूच ठेव, मला नाही लागणार. मग स्वेटर दिला. संध्याकाळी मेसच्या मावशींची एकशे ऐंशी रुपयांची उधारी फेडून आली, आणि मावशींना म्हणाली की आता हिशोब मिटला. रात्री फोनमधले सगळे ग्रुप सोडले. रूममेटनं विचारलं तर खरं काय ते सांगितलं, आणि वर शपथ घातली, कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. आता ती जिन्यात जाऊन बसलीये आणि खोलीत यायला तयार नाही.

संपादक साहेब, उधारी फेडली हे त्या पोरीला खटकलं बघा. कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं तिनं. आपल्याकडे माणूस सगळ्यांचे हिशोब मिटवायला लागला की त्याचा अर्थ काय असतो हे तिला घरातूनच माहीत होतं, तिच्या गावात शेतकऱ्यांच्या बाबतीत तिनं ते ऐकलेलं होतं. वस्तू वाटून टाकणं, निरोपासारखं बोलणं, इतके दिवस तळमळणारं माणूस अचानक शांत होणं, ही सगळी धोक्याची चिन्हं आहेत. पण ही शिकवायची सोय आमच्या विद्यापीठात तोवर नव्हती.

मी गेले. ती गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात बसलेली, पायात चप्पल नाही, भिंतीला डोकं टेकवलेलं. वॉचमन काका माझ्या आधीच तिथे आले होते. त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं, हातातला रेडिओ बंद केला आणि काही न बोलता वरच्या पायरीवर उभे राहिले. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. खालच्या पायरीवर का, तर वरून बोललं की रागावल्यासारखं वाटतं.

आणि मग मी सरळ विचारलं, "तुला मरावंसं वाटतंय का?"

यावर लोक मला अजूनही विचारतात, असं कसं विचारलंत, नसेल मनात तर यायचं. तसं होत नाही. विचारल्यामुळे मनात येतं हा गैरसमज आहे, जागतिक आरोग्य संघटना सुद्धा हेच सांगते, उलट सरळ विचारलं की माणसाला हायसं वाटतं, कारण इतके दिवस जे एकट्यानं वाहिलं ते कुणीतरी न घाबरता नाव घेऊन बोललं. ती बराच वेळ गप्प होती. मग मान हलवली. मग रडायला लागली, आणि मला बरं वाटलं की रडतेय.

मला हे कुठून माहीत, तर माझ्यावरून. १९९९ साली मी एमएस्सीला होते, दुसऱ्या शहरात, हॉस्टेलवरच. काय झालं होतं ते सगळं सांगत बसत नाही. दीड महिना मला पहाटे तीनला जाग यायची आणि परत झोप लागायची नाही, आणि एक दिवस असा आला की पुढचा दिवस बघायचाच नाही असं पक्कं झालं. माझी रूममेट कोल्हापूरकडची होती. तिनं मला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं, चिठ्ठी काढली, चार तास माझ्या शेजारी बाकावर बसली. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांचा फरक पडायला दोनतीन आठवडे लागतील, तोवर मुलीला एकटं सोडू नका. ते तीन आठवडे ती आणि मेसच्या आजी दोघींनी पाळी लावून काढले. मी चौदा महिने औषध घेतलं. घरी आठ वर्षं सांगितलं नाही, कारण आपल्याकडे 'डोक्याच्या डॉक्टरकडे' गेलं म्हटलं की आधी लग्नाचं काय हा प्रश्न येतो. आज पंचवीसहून जास्त वर्षांनी पहिल्यांदा असं लिहितेय, आणि ते सुद्धा नावाशिवाय, याचं मला वाईट वाटतं.

तर जिना. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचा नंबर आमच्या नोटीस बोर्डावर होता. मी लावला. तो लँडलाइन निघाला, रात्री दोन वाजता मुख्य इमारतीत एका कुलूपबंद खोलीत वाजत राहिला असणार. केंद्राची वेळ मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते एक, ती पण मानसशास्त्राच्या एका मॅडमवर जादाचा कार्यभार म्हणून, तासिका तत्त्वावर. मॅडम चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दीड हजाराच्या वर मुलं-मुली हॉस्टेलला आणि आठवड्यातून चार तास. आणि अपॉइंटमेंट घ्यायला एक गूगल फॉर्म, तो पूर्ण इंग्रजीत. आमच्या मुली 'डिप्रेशन' म्हणत नाहीत हो. त्या म्हणतात छातीत धडधडतंय, कशात मन लागत नाही, जीव नकोसा झालाय, डोकं गच्च झालंय. त्या फॉर्ममध्ये यातलं काहीच नव्हतं.

मग मी १४४१६ लावला. टेली मानस. केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी भाषा निवडायला सांगतात, मग माणूस येतं. एका बाईचा आवाज आला. मी थोडक्यात सांगितलं आणि फोन मुलीच्या हातात दिला. पहिली पाच मिनिटं ती फक्त "हं" म्हणत होती. मग बोलायला लागली. चाळीस मिनिटं बोलली. मी ऐकू येणार नाही एवढी लांब सरकले, दिसेल एवढी जवळ राहिले. मावशींना उठवलं होतं, त्यांनी चहा केला, आणि कुठून तरी पार्लेचा पुडा काढून आणला. शेवटी त्या समुपदेशक बाई माझ्याशी बोलल्या. आज रात्री एकटं सोडू नका, खोलीतल्या धोक्याच्या वस्तू तिच्याशी बोलून, तिला सांगून बाजूला काढा, लपवाछपवी नको, आणि सकाळी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीला न्या. बास, एवढंच. पण रात्री अडीच वाजता असं ठामपणे सांगणारं कुणी असलं की समोरच्याला हातपाय सुचतात.

सकाळी सिव्हिलला गेलो. मी, ती आणि रूममेट. ओपीडीला रांग होती, डॉक्टर तरुण होता, त्यानं घाई केली नाही. बरेच जण समजतात की यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं, किंवा येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयात भरती करतात. तसं नाहीये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातच मानसोपचारतज्ज्ञ बसतात. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी यंत्रणेकडून असे उपचार मिळणं हा हक्कच केलाय. हे आमच्या विद्यापीठातल्या किती प्राध्यापकांना ठाऊक आहे? मला स्वतःला त्या दिवसापर्यंत ओपीडी कुठल्या मजल्यावर आहे ते माहीत नव्हतं.

आता ती मुलगी तिथवर का पोचली, तर एका कारणानं कुणी असं करत नाही हे आधी सांगते. पेपरवाले एक कारण शोधतात, घरचे पण शोधतात. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कारखान्याच्या फडावर, मार्च-एप्रिलपर्यंत कोपीत, म्हणजे झोपडीत. मागच्या सेमिस्टरचा तिचा निकाल राखीव होता, का, तर एका पेपरचे इंटर्नलचे मार्क विभागाकडून परीक्षा विभागात पोचले नव्हते. चार महिने ती त्या दोन खिडक्यांमध्ये फिरत होती. निकाल नाही म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला, शिष्यवृत्ती नाही म्हणून मेसची बाकी चढली, आणि आईला फोन केला की आई म्हणायची, बाई तू शिक, आमचं काय, आम्ही दोघं मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हे एक वाक्य तिला खात होतं. त्यात वर्गातल्या एकानं तिच्या बोलीवरून आणि जातीवरून काहीतरी घाण बोललं होतं, ते तिनं मला फार उशिरा सांगितलं. म्हणजे बघा, यात किती तरी जागा अशा होत्या जिथे कुणाला मध्येच हात घालता आला असता, आणि त्यातल्या निम्म्या जागी मानसोपचारतज्ज्ञ लागत नव्हता, एक जागरूक क्लार्क पुरला असता.

म्हणून रात्री बोलताना मी एक गोष्ट पाळली आणि सगळ्यांना हात जोडून सांगते, अशा मुलीला "आईबापाचा विचार कर" म्हणू नका. ती त्यांचाच विचार करून करून तिथे पोचलेली असते. तिला वाटत असतं की आपण नसलो तर त्यांचा एक खर्च कमी. "आमच्या काळी यापेक्षा वाईट होतं", "देवाचं नाव घे", "एवढी हुशार मुलगी असं बोलते का" हे सगळं नको. "अजून सांग", "मी इथेच आहे", "आज रात्रीपुरतं बघू" एवढं पुरतं. ही लाट असते, ती कायम एवढीच उंच राहत नाही, त्या काही तासांत माणूस सोबत असलं आणि हाताशी धोक्याचं काही नसलं तर लाट ओसरते. नंतर परत येते, हे पण खरं आहे, म्हणून उपचार. पण ती रात्र निघणं महत्त्वाचं.

यानंतर जे झालं त्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

तिसऱ्या दिवशी मला बैठकीला बोलावलं. मला वाटलं पुढे काय मदत करायची ते ठरणार. तिथे विषय असा निघाला की उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची. ठराव असा झाला की मुलीनं हॉस्टेल सोडावं, पालकांना ताबडतोब बोलवावं, पालकांनी स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यावं की यापुढे काही घडल्यास संस्था जबाबदार नाही, आणि डॉक्टरचं 'फिट' असल्याचं सर्टिफिकेट आणल्यावर पुढचं बघू. एक जण म्हणाले स्थानिक पालकाकडे पाठवा. तिचा स्थानिक पालक म्हणून फॉर्मवर ज्यांचं नाव होतं ते गावच्या सरपंचांचे नातेवाईक, ज्यांना ती आयुष्यात एकदा भेटलीये. फॉर्मवर कुणाचं तरी नाव लागतं म्हणून लिहिलेलं.

आई आली. फडावरून, तीनशे किलोमीटर, एसटीनं, मुकादमाशी भांडून, दोन दिवसांची मजुरी बुडवून. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती, हाताला उसाच्या पाचटाचे चिरे पडलेले, आणि समोर ते हमीपत्र. वाचता येत नाही. मला विचारलं, "मॅडम, माझ्या पोरीनं काय गुन्हा केलाय?" मी इतकी वर्षं शिकवतेय, एवढं लाजल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

गुन्हा नाहीच आहे. २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं पूर्वीचं ३०९ कलम राहिलंच नाही. आणि या मुलीनं तर प्रयत्न सुद्धा केलेला नव्हता, ती फक्त बोलली होती. बोलली म्हणून हॉस्टेल सोड! देशाचा कायदा शिक्षा करत नाही आणि आम्ही शिक्षण देणारे लोक करतोय.

मी सही करायला नकार दिला. लेखी दिलं की मुलीला हॉस्टेलमधून काढायचं असेल तर आधी मला रेक्टरपदावरून काढा. यात मोठेपणा काही नाही, माझी नोकरी कायम आहे म्हणून मला हे परवडलं, तासिका तत्त्वावरच्या मॅडमना नसतं परवडलं. दोन आठवडे खूप तणावात गेले. शेवटी आमच्या एका वरिष्ठांनी मध्ये पडून ठराव मागे घेतला, मुलगी राहिली. आणि गंमत नाही, दुःख वाटतं सांगायला, तो चार महिने राखीव असलेला निकाल दोन दिवसांत लागला. फर्स्ट क्लास होता.

पण त्या दोन आठवड्यांत हॉस्टेलभर झालं होतं की मॅडमला सांगितलं की घरी पाठवतात. त्याचा परिणाम मी पुढे कितीतरी महिने बघितला. मुली माझ्याशी बोलताना हसून बोलायच्या, सगळं छान आहे मॅडम. जानेवारीत एक मुलगी तीन दिवस तापाच्या नावाखाली खोलीत पडून होती, तिच्या मैत्रिणींना सगळं माहीत होतं, कुणीच आलं नाही. ती वाचली, नशिबानं वाचली. मैत्रिणींना विचारलं तर म्हणाल्या, "तिचं वर्ष गेलं असतं ना मॅडम, तिला घरी पाठवलं असतं तर लग्न लावून दिलं असतं." याला आता मी काय उत्तर देऊ? त्या मुली निर्दय नव्हत्या, मैत्रिणीचं भलंच बघत होत्या.

मला एवढंच सांगायचंय, की मध्यरात्री पहिली मदत समुपदेशक करत नाही, मानसोपचारतज्ज्ञ करत नाही, ती रूममेट करते. ती शपथ मोडून दार वाजवेल की नाही यावर सगळं अवलंबून आहे. आणि दार वाजवल्यावर मैत्रिणीला शिक्षा होणार असेल तर ती वाजवणार नाही. बाकी सगळी पोस्टर्स, सेमिनार, मानसिक आरोग्य दिनाची रांगोळी स्पर्धा, हे यापुढे काहीच नाही.

आकडे बघितले तर झोप उडते. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवल्याची नोंद आहे, त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या मार्चमध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कार्यदल नेमलं, आणि २५ जुलै २०२५ च्या निकालात तर पंधरा मार्गदर्शक सूचनाच दिल्या, कायदा होईपर्यंत सगळ्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. टेली मानससारख्या हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये, वर्गात, वेबसाइटवर ठळक मोठ्या अक्षरात हवेत. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा तरी मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं. न शिकवणाऱ्या सुद्धा, हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण त्यात वॉचमन काका येतात, मावशी येतात, परीक्षा विभागाच्या खिडकीतला माणूस येतो. आमच्याकडे या सूचनांचं परिपत्रक फिरलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी पहिली चर्चा छताच्या पंख्यांची आणि गच्चीच्या कुलपांची झाली. ते पण सूचनांमध्ये आहेच आणि त्याचा उपयोग पण होतो, मी नाकारत नाही, त्या रात्री गच्चीचं कुलूप कामाला आलंच. पण पंखा बदलायला टेंडर निघतं आणि समुपदेशकाच्या कायम पदाला निधी नाही म्हणतात.

या वर्षी आम्ही आमच्या हॉस्टेलपुरतं थोडं सुरू केलंय. प्रत्येक मजल्यावर दोन मुली, स्वतःहून पुढे आलेल्या, त्यांना मानसशास्त्र विभागाच्या मॅडमनी तीन शनिवार शिकवलं. चिन्हं कशी ओळखायची, सरळ कसं विचारायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण डॉक्टर नाही, आपलं काम फक्त ऐकणं, सोबत थांबणं आणि पुढे पोचवणं. शपथेबद्दल मी स्वतः बोलले. मैत्रिणीनं शपथ घातली तर म्हणायचं, "बाकी सगळं पोटात ठेवीन, पण तुझ्या जिवाचं असेल तर नाही ठेवणार." आधीच सांगून टाकायचं म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही. रात्रीसाठी तीन रेक्टरांनी पाळ्या लावून एक मोबाइल ठेवलाय, त्याला फोन केला तर माणूस उचलतं. आणि कोऱ्या कागदावर लिहून लावलंय, माझ्या सहीनं, की स्वतःसाठी किंवा मैत्रिणीसाठी मदत मागितली म्हणून कुणालाही हॉस्टेल सोडावं लागणार नाही, आणि घरी काय सांगायचं, कुणाला सांगायचं, ते जिवाला तातडीचा धोका असेल ते सोडून मुलीशी बोलूनच ठरेल. खरं तर यावर विद्यापीठाची सही हवी. माझी सही माझ्या निवृत्तीपर्यंतच चालेल.

मुलांच्या हॉस्टेलचं काय, हा प्रश्न मला झोपू देत नाही. तिथले रेक्टर सांगतात की मुलं येतच नाहीत बोलायला. मुलगा रडतोय हे त्याच्या मित्रांना सुद्धा कसं घ्यायचं कळत नाही, ते बिचारे त्याला पार्टीला घेऊन जातात. तिथे कुणी पुढाकार घेतला तर मी माझे तीन शनिवार द्यायला तयार आहे.

आणि त्या रूममेटबद्दल लिहायलाच हवं. तिनं चार रात्री जागून काढल्या होत्या, कुणाला न सांगता, मैत्रिणीच्या श्वासाकडे लक्ष ठेवून. त्या आठवड्यात तिचं प्रॅक्टिकल बुडालं. तिला पुढे कितीतरी दिवस रात्री दीडला जाग यायची. आम्ही सगळे त्या दुसऱ्या मुलीच्या मागे, आणि हिला तू कशी आहेस हे विचारलं कुणी, तर मेसच्या मावशींनी. मदत करणाऱ्याला पण मदत लागते, हे मी १९९९ ला माझ्या रूममेटला कधी विचारलंच नव्हतं. मागच्या दिवाळीत तिला फोन करून विचारलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मला अजून स्वप्न पडतं.

संपादक साहेब, शेवटचं मागणं तुमच्याकडेच. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये अशा बातम्यांसाठी सूचना दिल्यात, मथळा भडक नको, कसं केलं त्याचं वर्णन नको. त्या पाळा. कारण तुमची बातमी माझ्या मेसमधल्या टेबलावर येते. आणि अशी बातमी छापावीच लागली तर शेजारी मदतीचा नंबर द्या, आणि जे लोक त्यातून बाहेर आले, औषध घेतात, परीक्षा देतात, हसतात, त्यांच्याबद्दल पण कधी छापा. आमची ती मुलगी आता तिसऱ्या सेमिस्टरला आहे. महिन्यातून एकदा सिव्हिलला जाते. सगळं छान झालंय असं नाही, फेब्रुवारीत परत दहाबारा दिवस अवघड गेले, पण या वेळी ती स्वतः आली दार वाजवायला. कॅल्क्युलेटर तिनं परत घेतलं. स्वेटर मात्र रूममेट देत नाही, म्हणते तो माझाच आता.

हे पत्र जागेअभावी कमी करावं लागलं तर माझं स्वतःचं सगळं काढा, पण १४४१६ हा आकडा ठेवा आणि जमेल तेवढ्या मोठ्या टाइपात ठेवा. आमच्या वाचनालयात पेपर दांडीला अडकवलेला असतो, मुली उभ्यानं वाचतात, मागच्या रांगेतल्या मुलीला पण दिसायला पाहिजे.

आपली,
मुलींच्या हॉस्टेलची एक रेक्टर, मराठवाडा
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)